मोठ्यानं वाच!

फुकटात दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम मी बरीच वर्षं केलं. लोक रविवारी पिक्चर बघतात, लोणची घालतात, माहेरी जातात. मी दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचायचे. पगार नाही, चहा मिळाला तर मिळाला, आणि आभार तर विसराच. ज्याची चूक काढली तो वर्षभर तोंड फिरवून जायचा आणि ज्याची निघाली नाही त्याला वाटायचं, हिनं वाचलंच नसणार. हा नाद मला ज्या गृहस्थांनी लावला त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, पण त्याच्यावर कायम क्रोशाचं झाकण असायचं आणि झाकणावर पानाचा डबा.

त्यांना सगळे आबा म्हणायचे. स्टेशनमास्तर म्हणून एकतीस वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी चाळीसगाव-धुळे फाट्यावर. निवृत्त झाल्यावर जळगावात पिंप्राळ्याला घर बांधलं आणि साठीला टेकल्यावर, नातवंडं खेळवायच्या वयात, प्रोग्रॅमिंग शिकले. का शिकले म्हणून विचारलं तर म्हणायचे, "पत्ते येत नाहीत मला."

तेव्हा नव्वदीचं दशक लागून थोडे दिवस झाले होते. जळगाव, धुळे, चाळीसगावकडच्या आम्हा हौशी मंडळींचे प्रोग्रॅम दिवाळीच्या आधी एका फ्लॉपीत जमा व्हायचे. शाळेचं वेळापत्रक, वाचनालयाची यादी, कोणाचा रक्तगट कोणता, ज्याला जे सुचेल ते. आत कसं लिहिलंय तेही उघडं ठेवलेलं असायचं. घ्या, वापरा, बदला, काही सुधारलंत तर आम्हाला परत पाठवा. या फ्लॉपीला आम्ही 'फराळ' म्हणायचो. फराळात काय जायचं आणि काय नाही, हे आबा ठरवायचे. त्यांना कोणी नेमलं होतं देव जाणे. पण ते नसते तर आमच्या त्या फराळानं लोकांची पोटं बिघडली असती, एवढं मी आज शपथेवर सांगते.

मी धुळ्याला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. अंगात मस्ती भरपूर. पहिल्यांदा माझा प्रोग्रॅम घेऊन पिंप्राळ्याला गेले ती असल्या तोऱ्यात, की आबा आता उठून उभेच राहतील. आबा बंगईवर बसले होते, म्हणजे आमच्याकडचा तो कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा. मी फ्लॉपी पुढे केली. त्यांनी ती पानाच्या डब्याशेजारी ठेवली.

"छापून आणलंय?"

"हो, पण चालवून बघा ना आधी. एकदम मस्त चालतं."

"चालू दे त्याला. तू बस. मोठ्यानं वाच."

मला वाटलं, म्हातारा चष्मा विसरलाय. तसं नव्हतं. ती आबांची पद्धतच होती. लिहिणाऱ्यानं, नाहीतर माझ्यासारख्या कोणी, प्रोग्रॅम ओळीनं मोठ्यानं वाचायचा. एक कंस सोडायचा नाही, एक स्वल्पविराम गिळायचा नाही. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि प्रत्येक ओळ जशीच्या तशी परत म्हणायचे. फोनवर पुढच्या स्टेशनचा निरोप असाच परत म्हणून पक्का करायची त्यांना सवय होती. "महिरपी कंस सुरू." "महिरपी कंस सुरू." "जर वर्ग लहान दहापेक्षा." "जर वर्ग लहान दहापेक्षा." तिसऱ्या पानावर माझं मलाच कळलं की दहावीच्या वर्गाला मी वेळापत्रकातून हाकलून दिलंय. मी गप्प बसले. आबांनी एक डोळा उघडला.

"काय झालं? घसा बसला?"

कान पकडून सांगते, त्या दिवशी माझा तोरा पिंप्राळ्याच्या रिक्षास्टँडवर उतरला.

शेजारपाजारच्या बायकांची समजूत वेगळीच होती. दर रविवारी गॅलरीतून कंस सुरू, कंस पूर्ण, असं दोघांच्या आवाजात चाललेलं असायचं. समोरच्या घरातल्या एका काकूंनी अक्कांना, म्हणजे आबांच्या बायकोला, विचारलं, "कोणती पोथी लावली हो? पारायण कधी संपतंय?" अक्का काय कमी होत्या! म्हणाल्या, "संपत नाही हो ती. आणि उद्यापनाचा खर्चही नाही." त्यानंतर काही दिवस आम्ही वाचत असताना त्या काकू गॅलरीत हात जोडून उभ्या राहायच्या. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी काकूंना दोनदा मानेनं आशीर्वाद दिला.

अक्कांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घरातल्या डाळीत खडा दिसत नाही यांना, लोकांच्या कागदात बरोब्बर दिसतो."

आबांसमोर काही शब्द काढायचे नाहीत, हे नव्या माणसाला आम्ही जिन्यातच सांगून ठेवायचो. 'बहुतेक' नाही. 'साधारण' नाही. आणि 'माझ्याकडे चालतं' तर बिलकूल नाही. धुळ्याचा एक जण ते म्हणून बसला. आबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या अंगणात चालणारी गाडी मला काय कामाची? चाळीसगावला पोचते का ते सांग."

लांबच्या लोकांना ते पोस्टकार्डावर कळवायचे. पत्ता सोडला तर कार्डावर मोजून तीन-चार शब्द. 'ओळ अठ्ठेचाळीस. का?' बस. तीन तालुक्यांतली शिकलीसवरलेली माणसं त्या 'का?'ला टरकून असायची. एक डॉक्टर ते कार्ड घेऊन धुळ्याहून स्कूटरवर भांडायला आले होते. 'का' म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. आबा म्हणाले, "मला तरी कुठे माहीत आहे? म्हणून तर विचारलं." डॉक्टर तावातावानं समजावायला लागले, समजावता समजावता अडखळले, मग कागद मागितला. अक्कांनी शेवभाजी वाढली. जाताना डॉक्टर आबांच्या पाया पडून गेले आणि खाली जाऊन स्कूटरला लाथ मारताना शिव्याही देऊन गेले, त्या आम्ही वरून ऐकल्या.

मीही एकदा त्यांची फिरकी घ्यायला गेले होते. माहितीच्या कप्प्यांना लोक क्ष-एक, क्ष-दोन अशी नावं द्यायचे, त्यावर ते म्हणायचे, "क्ष-एक नावाचं स्टेशन मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. नीट नावं द्या." मी एक प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या कप्प्यांना जळगाव ते चाळीसगाव स्टेशनांची नावं दिली. शिरसोली, म्हसावद, पाचोरा, कजगाव. अगदी साळसूद चेहऱ्यानं वाचत होते. आबाही तितक्याच साळसूदपणे परत म्हणत होते. चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"गाळण पाचोऱ्याच्या आधी कुठून आलं? गाडी उलटी सोडलीस काय वं माय?"

गंमत म्हणजे तिथे खरंच चूक होती. दोन कप्प्यांची अदलाबदल झाली होती. मी हसून हसून लोळायचं सोडून कपाळाला हात लावून बसले.

प्रोग्रॅम पसंत पडला की आबा म्हणायचे, "लाइन क्लिअर." आणि शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीनं एक आकडा टाकायचे. हेही रेल्वेतलंच. एका स्टेशनमास्तरनं दुसऱ्याला 'रूळ मोकळा आहे, सोड गाडी' असं कळवलं की सोबत एक आकडा द्यायचा. आकड्यांचा कागद ज्याचा त्याच्याजवळ. दिलेला आकडा तिथल्या तिथे खोडायचा. म्हणजे उद्या 'मी असं म्हणालोच नव्हतो' अशी पलटी मारायची सोय नाही. आबांनी तसाच एक कागद घरी करून ठेवला होता. आम्हाला त्या आकड्याचं केवढं अप्रूप! लोक तो आकडा पडद्यावर पहिल्याच ओळीत झळकवायचे. एकतीस वर्षांत आपला एकही आकडा चुकीचा गेला नाही, ही आबांची एकुलती एक बढाई. बाकी मनुष्य स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

तो आकडा चुकीचा गेला, आणि तो माझ्यामुळे गेला.

झालं असं. रावेरकडचे एक भाऊ होते, केळीचे बागायतदार. त्यांनी ठिबकचा प्रोग्रॅम लिहिला होता. केळी किती महिन्यांची, जमीन कोणती, ऊन किती, हे भरलं की ठिबक रोज किती वेळ चालवायचं ते तो सांगायचा. शेतकऱ्यानं शेतकऱ्यासाठी लिहिलेला, असा आमच्या फराळातला तो पहिलाच. आबा त्याच्यावर फार खूश होते. सात पानं होती. भाऊंना बाग सोडून येता आलं नाही म्हणून वाचायला मी बसले.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी धुळ्याला मला बघायला नाशिकची पार्टी येणार होती. आईनं बजावलं होतं, साडेतीनची एसटी चुकवलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस. मी आबांना आल्या आल्या सांगितलं होतं. पाचवं पान संपलं तेव्हा घड्याळात तीन वाजून गेले होते आणि स्टँड गाठायचं होतं. पाचवं पान उलटलं, त्याच्याबरोबर सहावंही उलटलं. चुकून नाही हं. चांगलं दोन बोटांत धरून उलटलं. म्हटलं, एका पानानं काय होतंय! सातवं सपाट्यानं वाचलं. आबांनी प्रत्येक ओळ परत म्हटली. शेवटी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "लाइन क्लिअर," आणि आकडा टाकला. मी चपला हातात घेऊनच जिना उतरले.

एका पानानं काय होतं ते दिवाळीनंतर दीड महिन्यानं कळलं. रविवार होता, मी आबांकडेच बसले होते. भाऊ आले. खांद्यावरचं गोणपाट त्यांनी गॅलरीत उलगडून ठेवलं. आत केळीचं रोप होतं. मुळं काळी पडलेली, कुजलेली, वास येत होता.

"दोन लाइनी संगं चालल्या की टाइम निम्मा कराचा, थो डबल होऊ राह्यला, आबा," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "आर्धा बाग बसला. मले शंका व्हती, खोटं कायले बोलू. पन तुमी नंबर देला. मंग म्हटलं, आपून कायले मधी बोला?"

आबांनी त्यांच्याकडे प्रोग्रॅमचे कागद मागितले. सहावं पान काढलं आणि अर्ध्या मिनिटात ती ओळ सापडली. ते पान त्यांनी मांडीवर ठेवलं.

"माझं लक्ष सुटलं," ते म्हणाले. "वय झालं, भाऊ. चूक माझी."

मी तिथेच बसले होते. दोन हात मांडीखाली दाबून. आता बोल, आता बोल, असं मनात शंभरदा म्हटलं आणि शंभरदा गिळलं. मला भीती कसली होती ते स्पष्टच सांगते. आबा मला परत वाचायला बसवणार नाहीत, याची. बाकी कोणाला तोंड दाखवायची मला काही पडली नव्हती.

आबांनी त्या आठवड्यात फराळ गेलेल्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं. 'पाण्याचा प्रोग्रॅम वापरू नये. चूक माझी.' आणि जाहीर केलं की आता ऐकायला बसणार नाही. आकड्यांचा कागद अक्कांच्या हवाली केला. अक्कांचं मला पत्र आलं. पहाटे पाचला उठून स्टेशनं म्हणत बसतात, आधी सुलटी, मग उलटी. डोकं जागेवर आहे की नाही ते तपासतात म्हणे. समोरच्या काकू पुन्हा हात जोडायला लागल्या आहेत. तू एकदा येऊन जा, मला हे बघवत नाही.

पत्र वाचून मी रडले. माझ्यामुळे एक शाबूत डोक्याचा माणूस स्वतःला खुळा समजून बसला, यापेक्षा मोठं पाप काय असतं? क्लासात रजा टाकली आणि भर बुधवारी पिंप्राळा गाठलं. आबा बंगईवर होते. मी बसलेसुद्धा नाही.

"आबा, तुमचं लक्ष सुटलं नव्हतं. सहावं पान मी वाचलंच नाही. मुद्दाम सोडलं."

आबांनी पान लावायचं थांबवलं नाही. चुना लावला, कात टाकला.

"माले म्हाईत शे," ते म्हणाले. घरातली अहिराणी त्यांच्या तोंडून एरवी क्वचित यायची.

"काय माहीत आहे?"

"पाचव्या पानावर तीन कंस उघडले. सातवं संपेपर्यंत मिटले दोनच. मी ऐकायला बसतो, पोरी, झोपायला नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुन्ही बस चुकी जाती ना."

मी तिथेच जमिनीवर बसले. पुढचं ते शुद्ध मराठीत बोलले, अगदी ऑफिसात बोलतात तसं. "तुझी ओळ ऐकायची सोडून मी तुझं घड्याळ ऐकत बसलो. पोरीचं लग्न जमतंय, होऊ दे म्हटलं. ज्याला गाडीऐवजी माणूस दिसायला लागतो त्यानं लाइन क्लिअर देऊ नये. म्हणून उठलो. वयाचं नाव पुढे केलं, म्हणजे कोणी तुझं विचारणार नाही."

"आणि ती पहाटेची स्टेशनं?"

"नाटक म्हटलं की थोडी तालीम नको?"

आतून अक्कांनी तांब्या आपटल्याचा आवाज आला. "माझी झोप गेली की हो तुमच्या तालमीत!"

आबांनी विडा तोंडात टाकला. "काय व्हयनं त्या पोराचं?"

"दोन प्लेटी पोहे खाऊन गेला. नकार पत्रानं कळवला."

"त्यालाच आधी मोठ्यानं वाचून घ्यायचा होता," आबा म्हणाले, आणि मी रडता रडता हसले, नाकातून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "भाऊंना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतेस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं रावेरकडे गेलो. भाऊ बागेत होते. कुजलेली रोपं उपटून तिथे त्यांनी नवी लावायला घेतली होती. मी मातीत उभी राहून सगळं सांगितलं, पोह्यांसकट. भाऊंनी खुरपं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. पुष्कळ बोलता आलं असतं त्यांना. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगतलं, ताई. मी मनाले खात व्हतो, का मीच काही तरी नंतर बदललं आसंन."

हे मला त्या कुजलेल्या रोपापेक्षा जास्त लागलं. माझ्या एका पानानं तीन माणसं स्वतःवर संशय घेत बसायची वेळ आली होती. एक खोटं खोटं, एक खरं, आणि एक मी.

मी पिशवीतून कागद काढले आणि बागेच्या बांधावर उभं राहून सहावं पान मोठ्यानं वाचलं. एक कंस सोडला नाही. आबा ओळ परत म्हणत होते. चुकीच्या ओळीशी थांबलो, भाऊंनी पेननं दुप्पटचं निम्मं केलं, पुढे वाचलं, पान संपलं. मी आबांकडे बघत राहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो आकड्यांचा कागद आणि लाल पेन्सिल काढली. कागद अक्कांकडून मागून आणला असणार. दोन्ही माझ्या हातात ठेवली.

"आता तू दे."

एवढी वर्षं ज्या आकड्यासाठी जीव टाकला, त्याचा कागद माझ्या मुठीत होता. भाऊ खुशीत आले. "द्या ताई, नंबर टाकून द्या. एकच पान तं राह्यलं व्हतं."

"आणि उरलेली सहा मी नीट वाचली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हणाले.

आबा इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या बागेतला माणूस काम सोडून बघायला आला. मग आम्ही तिघं बांधावर खाली बसलो आणि मी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.